पावसात गाडी मिसिंग मारते, वाळली की ठणठणीत: सीडीआय बदलण्याआधी

तुमची तक्रार मला जशी समजली तशी आधी मांडतो, म्हणजे कुठे चुकत असेन तर कळेल. गाडी आठ वर्षांची, १५० सीसी, कार्ब्युरेटरवाली. चिपळूणहून लोटे एमआयडीसीत शिफ्टला रोज ये-जा. कोरड्या रस्त्यावर काही त्रास नाही. मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटं चालली की परशुराम घाट चढताना झटके मारते (यालाच आम्ही मिसिंग म्हणतो), सपाटीला कमी, तिसऱ्यात ओढत नाही, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. रात्री पडवीत उभी केली की सकाळी एका सेल्फमध्ये चालू. मेकॅनिकने नवा प्लग टाकला, कार्ब्युरेटर साफ केला. चार दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच. आता तो सीडीआय, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, बदलू म्हणतोय आणि तुम्ही विचारताय, बदलू का?

आज तरी नको. आणि ते चार दिवस पाऊस उघडला होता का, तेवढं आठवून बघा. माझा अंदाज, उघडला असणार.

या दुखण्याची गोम अशी की गाडी गॅरेजमध्ये येते तेव्हा ती बरी झालेली असते. मेकॅनिक किक मारतो, रेस देतो, एक चक्कर मारून येतो, सगळं ठीक. मग तो अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातो आणि बिल तुमचं वाढतं. त्याचा दोष नाही म्हणणार नाही, पण मीही सुरुवातीची पाच-सहा वर्षं हेच केलं. नंतर एक सवय लावून घेतली: पावसातली तक्रार असेल तर गाडीला आधी माझ्यासमोर पुन्हा आजारी पाडायचं. जोवर मिसिंग माझ्या डोळ्यांदेखत होत नाही तोवर पाना हातात घ्यायचा नाही.

आता तुमच्याच वर्णनातून काय हाती लागतं ते बघू. घाटात होतं, सपाटीला कमी होतं, हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण माझ्यासाठी तीच मोठी खूण आहे. प्लगच्या टोकावर ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात. इंजिनवर लोड आला, एक्सिलेटर उघडला, की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो आणि त्या दाबात गॅप ओलांडायला ठिणगीला आणखी जास्त व्होल्ट लागतात. करंट आळशी असतो. समोरची वाट अवघड झाली आणि बाजूला ओल्या चिखलाची सोपी वाट दिसली, की तो प्लगच्या चिनीमातीवरून सरळ इंजिनच्या बॉडीला पळतो. ठिणगी आत पडतच नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे पेटून फटफट करतं. म्हणून अशी गाडी आयडलला गुमान उभी राहते आणि चढाला दगा देते. आणि इंजिन बंद केल्यावर त्याच्याच उष्णतेने कॅप, म्हणजे प्लगवर बसणारी टोपी, वाळते, त्यामुळे सकाळी पुरावा गायब.

म्हणजे माझा पहिला संशय प्लगची कॅप, तिच्यातून निघणारी एचटी (हाय टेन्शन) वायर आणि ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी कॉइल या टापूवर. तुमचा प्लग बदलला गेला, पण कॅप बदलली का? शंभरातल्या नव्वद ठिकाणी प्लग नवा आणि कॅप आठ वर्षांची जुनीच असते. कॅपच्या तोंडाचं रबर कडक होतं, चिरतं, आणि मग ती प्लगवर बसल्यासारखी दिसते पण पाणी अडवत नाही.

घरी करता येईल अशी चाचणी सांगतो. कोरडा दिवस निवडा, संध्याकाळी अंधार पडल्यावर, मोकळ्या हवेत गाडी मेन स्टँडवर लावा. इंजिन चालू करा. इस्त्रीवाला कपड्यांवर पाणी मारतो ना, तसली फवाऱ्याची बाटली घ्या. आसपासचे दिवे बंद. आधी फक्त प्लगच्या कॅपवर बारीक फवारा मारा आणि थांबा. घाई करू नका, पाणी आत मुरायला मिनिटभर लागतं. मग कोणाला तरी मधूनमधून झटक्याने रेस द्यायला सांगा आणि तुम्ही वाकून बघा. गळती असेल तर कॅपच्या कडेला किंवा वायरवर निळसर बारीक ठिणगी नाचताना दिसते आणि टिक-टिक असा आवाज येतो. हात लावून खात्री करायला जाऊ नका. तो झटका माणसाला मारत नाही असं आमच्यातले बरेच जण छातीठोक सांगतात. मी एकदा खाल्लाय, कोपर मडगार्डवर आपटून आठवडाभर दुखत होतं. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने तर या चाचणीच्या जवळही उभं राहू नये.

कॅपवर काही दिसलं नाही तर पुढे वायरवर, मग टाकीखालच्या कॉइलवर, मग सीडीआयच्या सॉकेटवर, शेवटी हँडलवरच्या स्विचवर. दर वेळी एकच जागा भिजवायची आणि थांबायचं. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर मिसिंग होईल, पण कशामुळे ते कळणार नाही आणि मेहनत फुकट. स्वच्छ पाण्याने काही झालं नाही म्हणून लगेच क्लीन चिट देऊ नका. रस्त्यावरचं पाणी मातीचं, ऑइलचं, त्यात करंट जास्त सहज पळतो. मी दुसऱ्या फेरीला खड्ड्यातलं गढूळ पाणी फडक्याने गाळून बाटलीत भरतो. पोऱ्या हसतो, पण काम होतं.

गळती सापडली असं धरून चालू. इंजिन बंद, थंड होऊ द्या, कॅप ओढून काढा. वायरला धरून ओढू नका, कॅपला धरा. कॅपच्या आत टॉर्च मारा. आतल्या भिंतीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी नागमोडी रेघ दिसली तर ती करंटने जाळून केलेली पायवाट आहे. तशीच रेघ कधी प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरही असते. ही पुसून जात नाही. पुसल्यासारखी वाटली तरी पुढच्या पावसात करंट तीच वाट धरतो. कॅप बदलायची, आणि रेघ प्लगवर असेल तर प्लगही, नवा असला तरी. याच कारणाने नवा प्लग जुन्या कॅपमध्ये घालणं मला पटत नाही. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो.

बहुतेक गाड्यांत कॅप वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. उलटी फिरवली की निघते. वायरचं टोक बघा: तांबं काळं-हिरवं पडलेलं असतं. ब्लेडने अर्धा सेंटीमीटर कापा, आत लखलखीत तांबं दिसलं पाहिजे. काळंच दिसलं तर आणखी थोडं कापा, पण वायर इतकी आखूड करू नका की हँडल वळवताना किंवा टाकी बसवताना ताणली जाईल. नवी कॅप घट्ट फिरवून बसवा. काही मॉडेलमध्ये वायर आणि कॉइल एकसंध असतात, तिथे ही सोय नाही, पूर्ण कॉइल घ्यावी लागते. मल्टिमीटर असेल तर कॅपचा रेझिस्टन्स मोजा. बहुतेक कॅप पाच किलो-ओहमच्या आसपास दाखवतात. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॅप आतून तुटलेली आहे. प्लगचा गॅपही बघून घ्या. तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तो खरा, पण या वर्गातल्या गाड्यांना साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो. गॅप जितका मोठा तितका करंटला बाहेर पळायचा मोह जास्त.

कॅपच्या तोंडाच्या रबराला आतून सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक, म्हणजे ज्यातून करंट जात नाही असं, ग्रीस बोटभर फिरवा, धातूच्या टोकाला नको. बेअरिंगचं साधं ग्रीस लावू नका. ते रबर फुगवतं, धूळ धरून ठेवतं आणि उन्हाळ्यात वितळून खाली येतं. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे पाणी हाकलायला उत्तम, रस्त्यात अडकलात तर देवासारखा धावून येतो, पण तो उडून जातो. त्याच्या भरवशावर आख्खा पावसाळा काढता येत नाही.

आणखी एक जागा, जी कोणी बघत नाही. प्लग ज्या खोबणीत बसतो तिथून पाणी बाहेर जायला बऱ्याच इंजिनांच्या हेडला बारीक भोक असतं. ते चिखलाने बुजलं की प्लगच्या बुडाशी तळं साचतं. प्लग काढायच्या आधी तिथे हवा मारून घ्या, नाहीतर सगळी माती सिलिंडरमध्ये जाते. मग बारीक तारेने भोक मोकळं करा.

पुढचं मडगार्डही बघा. सिंगल सिलिंडर गाडीत पुढचं चाक पाणी उडवतं ते थेट इंजिनच्या तोंडावर. कंपनीने खाली रबरी फ्लॅप दिलेला असतो तो याचसाठी. लोक दिसायला बरं म्हणून काढून टाकतात. माझ्याकडे एक मुलगा येत होता, त्याची गाडी फक्त ट्रकच्या मागे राहिली की मिसिंग मारायची. आम्ही दोघंही चक्रावलो होतो. शेवटी बघितलं तर त्याने मडगार्ड दोन इंच कापून घेतला होता. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून फ्लॅप केला, दोन रिबिट मारले, प्रकरण संपलं. तुम्ही मोठ्या मापाचा टायर टाकला असेल किंवा फ्लॅप गायब असेल तर कॅप कितीही नवी टाका, पाण्याचा मारा चालूच राहील. ट्यूबचा तुकडा प्लगसमोर पडद्यासारखा बांधायचा जुगाडही चालतो, फक्त सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांची (फिन्सची) हवा अडू देऊ नका.

समजा फवाऱ्याच्या चाचणीत इंजिन ढिम्म हललं नाही. मग पेट्रोलकडे वळा. पाणी पेट्रोलमध्ये गेल्याची लक्षणं वेगळी असतात: ऊन पडलं तरी त्रास जात नाही, आणि रिझर्व्हला लावली की वाढतो, कारण रिझर्व्ह टाकीच्या तळातून ओढतं आणि पाणी तळाशी असतं. तुमची गाडी सकाळी बरी असते, त्यामुळे ही शक्यता मी दुसऱ्या नंबरला ठेवतो, पण सोडत नाही. टाकीचं झाकण उघडा. झाकणाभोवती जी खोलगट जागा आहे तिच्यात एका बाजूला बारीक भोक असतं. पावसाचं पाणी तिथून नळीने खाली रस्त्यावर जावं म्हणून. ते मातीने बुजलं की पाणी झाकणाभोवती साचतं आणि गॅस्केट जुनं असेल तर सरळ टाकीत. भोकात क्लचच्या जुन्या केबलमधली एक तार घाला, हळू हाताने. जोर लावू नका. काही गाड्यांत ही नळी टाकीच्या आतून जाते आणि गंजलेली असली तर फुटते, मग पाण्याला टाकीत जायचा राजमार्गच मिळतो.

कार्ब्युरेटरच्या बुडाला ड्रेन स्क्रू असतो. इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत, आसपास विडीकाडी नको, एका पारदर्शक बाटलीत त्यातून थोडं पेट्रोल काढा आणि बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवा. एका दूधवाल्याच्या गाडीतून मी असं काढलं तेव्हा तळाशी दोन बोटं पाणी, मध्ये स्वच्छ रेघ आणि वर पेट्रोल. तो बाटलीकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘मी दुधात घालत नाही, माझ्या पेट्रोलमध्ये कोणी घातलं?’ आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल थोडं पाणी पोटात घेतं, त्यामुळे थोडक्या पाण्याने रेघ दिसणार नाही. प्रमाण वाढलं की मात्र इथेनॉल आणि पाणी मिळून एकदम खाली बसतात, आणि तो थर जळत नाही. तळाशी दिसलेल्या थरासाठी पूर्ण टाकी रिकामी करावी लागते. वरून नवं पेट्रोल भरून ते ‘मारून टाकायचं’ हा सल्ला ऐकू नका.

एअर फिल्टर पटकन सांगतो. तो भिजला तर झटके बसत नाहीत, गाडी हळूहळू दमते, धूर काळा येतो. कागदी असेल तर वाळवून वापरू नका, बदला. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, वाळवून, हलकं ऑइल लावून बसवा. एअर बॉक्सच्या तळाची ड्रेन नळी काढून तिच्यातलं पाणी सोडा.

झटके आणि पूर्ण कट यांतही फरक करा. गाडी झटक्याऐवजी एकदम बंद पडते आणि लगेच पुन्हा चालू होते, अशी तक्रार असती तर मी किल स्विच किंवा साइड स्टँडचा स्विच आधी उघडला असता. बंद पडताना मीटरचे दिवेही जात असतील तर चावीचा स्विच किंवा बॅटरीची वायर.

आता तुमच्या सीडीआयचं. बहुतेक सीडीआयच्या आत राळ भरून तो बंद केलेला असतो. त्याला पावसाशी फारसं घेणंदेणं नसतं. तो बिघडतो तेव्हा सहसा गरम झाल्यावर मरतो आणि थंड झाल्यावर उठतो, मग ऊन असो की पाऊस. भिजतं ते त्याचं सॉकेट. सॉकेट सोडवा, आत बघा. पिना हिरव्या पडल्या असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, नरम ब्रशने घासून, वाळवून, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून परत जोडा. तरीही मेकॅनिकचा आग्रह असेल तर त्याला सांगा, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचा सीडीआय दोन दिवस लावून दे. पाऊस पडू दे, घाट चढून बघतो, मग विकत घेतो. इलेक्ट्रिकचा पार्ट दुकानदार परत घेत नाही, हे त्यालाही माहीत असतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत आणि ती माझ्या दृष्टीने महत्त्वाची: गाडी पहिल्यापासून तुमचीच आहे की जुनी घेतली? २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण दोघांनीही पाहिलंय. त्या आठवड्यात मी गाड्या मोजायचं सोडून दिलं होतं. इंजिन खोलून, तीन-तीन वेळा ऑइल बदलून त्यांतल्या बऱ्याच चालू केल्या, पण वायरिंगचं दुखणं नंतर वर्ष-दीड वर्षाने वर आलं. पाणी वायरच्या आवरणाच्या आत केशाकर्षणाने चढतं, तांबं आतल्या आत काळं होतं, बाहेरून वायर नवीकोरी. तुमची गाडी त्यातली असेल तर कॅप बदलून अर्धंच काम होईल. प्रत्येक सॉकेट उघडून बघावं लागेल, आणि वायर वाकवल्यावर आत कुरकुर लागली तर ती वायर बदलावी लागेल. अशा गाडीला मी आधी हजार-दोन हजारांचा अंदाज देतच नाही, कारण तो खरा निघत नाही.

पाण्यातून गाडी काढताना इंजिन आत पाणी ओढून बंद पडलं तर हे सगळं विसरा आणि सेल्फ मारू नका. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढायचा, मग किक मारून पाणी बाहेर काढायचं, आणि डिपस्टिकवर ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर बदलल्याशिवाय चालू करायचं नाही. तुमची तक्रार ही नाही, पण वाशिष्ठी नदी वाढली की ही चूक दरवर्षी कोणी ना कोणी करतं.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या गाड्या बीएस-६, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या आहेत, त्यांच्यात बहुधा कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन आहे. प्लग आणि कॅपचं सगळं त्यांनाही लागू. फक्त मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल तर फवारा मारत बसण्याआधी स्कॅनर लावून कोड वाचा; थ्रॉटल बॉडीचं (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाचं) सॉकेट ओलं असेल तर तोच सांगेल.

तुमच्यासाठी क्रम असा धरा. येत्या सुट्टीला फवाऱ्याची चाचणी. कॅप शे-दोनशेच्या आत मिळते. चाचणीत काही दिसलं नाही तरी आठ वर्षांची कॅप मी बदलूनच टाकेन. त्याच बैठकीत खोबणीचं भोक, फ्लॅप आणि सीडीआयचं सॉकेट. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात घाट चढून बघा. झटके आलेच तर रस्त्याच्या दरडीकडच्या बाजूला थांबू नका, वर जाऊन मोकळ्या जागी थांबा, इंजिन बंद करून कॅप काढा, रेनकोटच्या आतल्या कोरड्या रुमालाने आतून-बाहेरून पुसा आणि परत लावा. लगेच सुधारली तर गळती अजून तिथेच आहे. काही फरक पडला नाही तर बाटलीत पेट्रोल काढा आणि तळाशी काय बसतं ते कळवा. टाकीच्या झाकणाजवळचं भोक मात्र आज रात्रीच बघून घ्या, त्याला सुट्टी लागत नाही.